टॉवर डुप्लिकेटर आणि डिस्कवरची छपाई : काही महिने वापरल्यानंतर

घरगुती समारंभ, मुलांची नाटकं असं चित्रीकरण मी करते आणि ज्यांना हवं त्यांना डीव्हीडी देते. लिंक पाठवून काम भागतं हे खरंच, पण डिस्क हातात देता येते आणि वयस्कर माणसांना ती प्लेअरमध्ये घालणं सोपं जातं. प्रती वाढल्या तसा एक वाचणारा आणि सात लिहिणारे ड्राइव्ह असलेला टॉवर डुप्लिकेटर (एका डिस्कच्या अनेक प्रती एकदम काढणारं यंत्र) घेतला, सोबत डिस्कवर छापणारा इंकजेट प्रिंटर.

टॉवरला कॉम्प्युटर लागत नाही. वर मास्टर म्हणजे मूळ डिस्क, खाली कोऱ्या डिस्क, एक बटण. मी लिहिण्याचा वेग ८एक्सवरच, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठपटीवर, ठेवते. भरलेली डिस्क साधारण आठ-नऊ मिनिटांत होते. १६एक्सला दोन-तीन मिनिटंच वाचतात, कारण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोचल्यावरच मिळतो.

लिहून झाल्यावर पडताळणी मात्र मी कधीच टाळत नाही. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण फसलेली प्रत लाल दिव्यासकट तिथेच बाहेर येते, कुणाच्या घरी जाऊन अडकत नाही. तरी एक मर्यादा आहे: ज्या ड्राइव्हने लिहिलं तोच तपासतो. म्हणून प्रत्येक खेपेतली एक प्रत मी जुन्या प्लेअरमध्ये घालून थेट शेवटच्या प्रसंगावर जाते. डेटा आतून बाहेर लिहिला जातो आणि स्वस्त डिस्क बहुधा कडेलाच दगा देते. त्यामुळे फिल्मही ४.७ जीबी काठोकाठ न भरता थोडी आखूड ठेवते. कॉम्प्युटरवर हाच आकडा ४.३८ दिसतो, तेव्हा फाइल बेतताना तो धरायचा.

खरा वेळ खातं ते लेबल. कागदी स्टिकर डीव्हीडीवर लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. स्टिकर जरा सरकून बसला तरी फिरताना तोल जातो. शिवाय दमट हवेने, उष्णतेने कागद आकसला-फुगला की डिस्क वाकते. प्रिंटेबल डिस्कचा पांढरा पृष्ठभाग यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

आधी बर्न (म्हणजे डिस्क लिहिणं), मग छपाई, हाच क्रम ठेवते. नापास प्रतीवर शाई वाया जात नाही. ट्रेमध्ये डिस्क केसभर जरी हलली तरी एका बाजूला पांढरी चंद्रकोर उरते. म्हणून डिझाइनची पार्श्वभूमी कडेपर्यंत न नेता पांढरीच ठेवते, मग सरकलेलं कळतही नाही. साध्या मॅट डिस्कवर घामट बोट टेकलं की निळं शीर्षक पसरतं. त्यामुळे छापलेल्या डिस्क रात्रभर सुट्या ठेवते, एकावर एक नाही. पाणी न लागणाऱ्या चकचकीत डिस्क महाग पडतात, पण आजी-आजोबांसाठीच्या प्रती मी त्यांवरच काढते, कारण त्या वारंवार हाताळल्या जातात.

तक्रारी आहेतच. पंखा सतत घोंघावतो, छोट्या पडद्यावरचा मेनू किचकट आहे, आणि एक ड्राइव्ह इतरांच्या आधी थकला, वारंवार नापास करू लागला. पण आत कॉम्प्युटरमध्ये बसतात तसलेच साधे साटा ड्राइव्ह आहेत; चार स्क्रू काढून दुसरा बसवला आणि टॉवर पुन्हा सातही प्रती एका दमात काढू लागला.