परतवाड्याचा सोल आणि गाविलगडचा दगड

चार वर्षांपूर्वी ऑनलाइन बावीसशे रुपयांचे ट्रेकिंगचे बूट घेतले. वापरले जेमतेम सहा वेळा, एरवी कपाटात गुंडाळून ठेवलेले. ऑक्टोबरात शाळेच्या पोरींना घेऊन चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर गेले. बाहेरच्या किल्ल्यातून, तो आणि आतला किल्ला यांच्या मधल्या घळीकडे उतरायला लागलो आणि उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला. आतला फोम बोटांत सरकीच्या ढेपेसारखा चुरत होता. ओढणीनं बूट बांधून परत आले. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं, वॉरंटी संपली. मनस्वी राग आला.

परतवाड्यात बस स्टँडच्या बाजूला पाटी नसलेलं, टपरीएवढं दुकान आहे. तिथल्या काकांनी बूट उलटा करून अंगठ्यानं दाबला. म्हणाले, "ताई, हे घालून नाही, ठेवून ठेवून खराब झाले. पीयूचा सोल हवेतल्या ओलीनं सडते." बरोबर बोलले. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, तळातला तो फोम. तो हवेतल्या बाष्पानं आतून तुटत जातो, बूट न घालताही. चार पावसाळे कपाटात काढल्यावर दुसरं काय होणार!

मी तासभर तिथंच बसून राहिले. रापीनं त्यांनी जुना फोम पार वरच्या कापडापर्यंत खरवडला, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते सुकू दिलं आणि जाड रबराचा सोल ठोकून बसवला. मग कडेनं शिलाई. आरीनं भोक, मेण लावलेला दोरा, आणि प्रत्येक टाक्याला दोरा मुठीला गुंडाळून असा ओढायचे की मनगटाच्या शिरा वर यायच्या. एकच बूट त्या दिवशी झाला. दुसऱ्यासाठी "परवा या" म्हणाले आणि चार दिवस लावले. दोन्हींचे मिळून 520 रुपये.

जानेवारीत पुन्हा त्याच वाटेनं गेले. गाविलगडचा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याचे थर. काही थर कठीण, त्यांचे उभे काळे कडे झालेत. काही थर पोकळ फोडांनी भरलेले. ते झिजून उताराचे टप्पे होतात, आणि त्या टप्प्यांवर मुरूम सुटतो. चालणाऱ्याचं खरं दुखणं तिथंच असतं. कड्याच्या दगडाची धार सोल कापते आणि मुरमाचे खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. एका फोडाच्या दगडात पांढरे चमकदार स्फटिक होते, पोरींनी ते बराच वेळ उन्हात फिरवून पाहिले.

1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं बाहेरच्या किल्ल्याला खिंडार पाडलं, तरी आतला किल्ला घ्यायला त्यांना ही घळ ओलांडावीच लागली. 15 डिसेंबरला गड गेला. पुस्तकातून मी हे कितीदा तरी शिकवलंय. पण त्या उतारावर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथं शिडी घेऊन चढणं म्हणजे काय असेल. आणि बेणीसिंग किल्लेदार आत लढत मेला, तेही पोरींना मी तिथंच सांगितलं.

सोल एकदाही घसरला नाही. परत आल्यावर कडा बघितल्या, एक टाका उसवलेला नव्हता. बूट आधीपेक्षा जड झालेत, उतारावर पोटऱ्यांना जाणवतं. टाचेखाली रबर कडक लागतं म्हणून मी आत एक जास्तीचं सुकतळं घातलंय. पाच मैल चालायचं असेल तर ते आधीच घालून घ्या.

जायचं असेल तर सकाळी जा, दुपारी काका जेवायला घरी जातात. आणि "शिलाईसकट" असं आधीच सांगा, नाहीतर नुसतं चिकटवून देतात.