पुन्हा कर्जात अडकल्यावर डीआरओ, आयव्हीए की दिवाळखोरी? इंग्लंड-वेल्समधल्या पर्यायांचं परीक्षण

इंग्लंड-वेल्समध्ये वैयक्तिक कर्जातून सुटायचे तीन मुख्य कायदेशीर मार्ग आहेत: डेट रिलीफ ऑर्डर म्हणजे डीआरओ, इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट म्हणजे आयव्हीए (सावकारांशी ठरवून हप्त्यांनी फेडण्याचा करार), आणि दिवाळखोरी. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत. जाहिराती बहुतेक आयव्हीएच्याच दिसतात, कारण कंपन्यांना कमाई तिच्यातून होते. दुसऱ्यांदा अडकलेल्याने मात्र आधी आपण डीआरओत बसतो का ते पाहावं. बसत असाल तर सहसा यासारखा दुसरा पर्याय नाही.

जून २०२४ मध्ये डीआरओच्या मर्यादा वाढल्या. आता एकूण कर्ज ५०,००० पौंडांपर्यंत चालतं. मालमत्ता २,००० पौंडांच्या आत हवी, गाडी असेल तर तिची किंमत ४,००० पौंडांच्या आत, आणि घरखर्च भागवून महिन्याला ७५ पौंडांहून जास्त उरता कामा नयेत. ९० पौंडांची अर्जाची फी एप्रिल २०२४ पासून रद्द झाली आहे. आदेश निघाला की १२ महिने त्यातल्या कर्जांसाठी कुणी तगादा लावू शकत नाही आणि ते १२ महिने संपले की ती माफ होतात. स्वतःचं घर असलेले सहसा बाद होतात. आधीच्या डीआरओला सहा वर्षं झाली नसतील तर दुसरा मिळत नाही, तेव्हा पहिल्या आदेशाची तारीख आधी शोधून काढा. जुनी आयव्हीए बंद पडली असेल तर ती रीतसर संपवल्याचं पत्र हातात आल्याशिवाय अर्ज करू नका. हा अर्ज स्वतः भरता येत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा स्टेपचेंजसारख्या संस्थेतला मान्यताप्राप्त मध्यस्थच तो पाठवतो.

सगळा निकाल जमाखर्चाच्या फॉर्मवर लागतो आणि चुकाही तिथेच होतात. समजा, भाडं, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस, किराणा आणि प्रवास वजा करून महिन्याला १२० पौंड उरतात. आयव्हीए कंपनीचा फोनवरचा माणूस लगेच म्हणेल, आयव्हीए करा: १२० पौंडांचे ६० हप्ते, म्हणजे ७,२०० पौंड. आता वर्षातून एकदाच येणारे खर्च मांडा. गाडीचा विमा ४८०, एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) आणि सर्व्हिसिंग २४०, मुलांचे गणवेश आणि बूट १८०, चष्मा आणि दात १२०. एकूण १,०२० पौंड, म्हणजे महिन्याला ८५. हातात उरले ३५ पौंड, आणि हाच कर्जदार डीआरओत बसला. हे आकडे फुगवायचे नाहीत, पावत्या आणि बँक स्टेटमेंटवरून काढायचे. पहिल्या खेपेची योजना मोडण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं: एमओटीत गाडी नापास झाली, दुरुस्तीला पैसे नव्हते, कार्ड पुन्हा बाहेर आलं.

आयव्हीए वाईट नाही, पण ती ठरावीक लोकांसाठी आहे. घर वाचवायचं आहे, पगार पक्का आहे, हप्ता पाच-सहा वर्षं खरोखर झेपणार आहे, अशांना ती उपयोगी पडते. मतदान करणाऱ्या सावकारांपैकी रकमेच्या हिशेबाने ७५ टक्क्यांनी होकार दिला की ती सगळ्यांवर बंधनकारक होते. पण घर असेल तर शेवटच्या टप्प्यात गृहकर्ज वजा जाता घरात उरलेली किंमत मोकळी करायला सांगितली जाऊ शकते. ही अट सही करण्याआधी वाचा. आणखी एक मोठा धोका आहे. सुरुवातीच्या हप्त्यांतला बराच भाग फीमध्ये जातो. दीड-दोन वर्षांनी आयव्हीए कोसळली तर मूळ कर्ज जेमतेम कमी झालेलं असतं आणि सावकार पुन्हा दारात. हप्ता जड जायला लागला की थकू देण्याआधीच आयव्हीए चालवणाऱ्या सुपरवायझरला लेखी कळवून सवलत मागावी.

दिवाळखोरीची फी ६८० पौंड आहे. ती टप्प्याटप्प्याने भरता येते, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज जात नाही. सहसा १२ महिन्यांत सुटका होते, मात्र पैसे उरत असतील तर तीन वर्षांपर्यंत हप्ता लागू शकतो. गेल्या सहा वर्षांत तुम्ही आधीच्या दिवाळखोरीत असाल, तर दिवाळखोरीतले निर्बंध लांबवायचे का हे ठरवताना तेही पाहिलं जातं, आणि असे निर्बंध २ ते १५ वर्षांचे असतात. घर नसलेल्या पण डीआरओची मर्यादा ओलांडलेल्या माणसासाठी मात्र हा मार्ग अनेकदा आयव्हीएपेक्षा स्वस्त आणि लवकर संपणारा असतो. निव्वळ नावाला घाबरून तो बाजूला टाकू नये.

कोर्टाचा दंड, मुलांच्या पोटगीची थकबाकी आणि स्टुडंट लोन डीआरओत किंवा दिवाळखोरीत माफ होत नाहीत.

निर्णयाला वेळ हवा असेल तर सल्लागारामार्फत ब्रीदिंग स्पेस घ्या. ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुली थांबते. चालू भाडं आणि बिलं भरत राहावीच लागतात, आणि ही सोय १२ महिन्यांत एकदाच मिळते. कागदपत्रं गोळा करायच्या आधीच ती वापरून टाकू नका.

सल्ल्यासाठी स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स अॅडव्हाइस पुरेसे आहेत, आणि तिन्ही मोफत आहेत. ग्राहक आयव्हीएकडे वळवून कमिशन खाणाऱ्या मध्यस्थांवर एफसीए या वित्तीय नियामक संस्थेने २०२३ मध्ये बंदी आणली, तरी सोशल मीडियावर ‘सरकारी योजना’ म्हणून फॉर्म भरून घेणारी पानं दिसली की आपला नंबर देऊ नका.

आपल्या लोकांचं हमखास चुकतं ते एका ठिकाणी. भारतातला फ्लॅट, एफडी, जमिनीतला हिस्सा, लग्नातलं सोनं, हे सगळं मालमत्तेत दाखवावं लागतं. लपवलेलं पुढे उघडकीला आलं तर डीआरओ रद्द होऊ शकतो. गेल्या दोन वर्षांत भावाचे किंवा मेहुण्याचे पैसे तेवढे फेडले आणि बँकेचे थकवले असतील, तर अर्ज अडू शकतो. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच सल्लागाराला तारखांसह सांगा.

आणि अर्जाआधी, जिथे तुमचं कार्ड किंवा ओव्हरड्राफ्ट थकलेला नाही अशा बँकेत साधं बेसिक खातं उघडून पगार तिकडे वळवा. जुन्या खात्यात पगार पडला की बँक आपली थकबाकी त्यातून परस्पर वळती करून घेऊ शकते, आणि त्या महिन्याचं भाडं राहून जातं.