बर्लिनमध्ये डॉइचलांडटिकेट: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बर्लिनला नोकरीसाठी आले तेव्हापासून डॉइचलांडटिकेट हाच प्रवासाचा पास वापरतेय. नवीन येणारे सगळे पहिलं या पासबद्दलच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहिते.

महिन्याचा पास आहे. मे २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, २०२५ ला ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल ट्रेन), ट्राम, बस सगळं यात येतं आणि फक्त बर्लिनचं नाही तर अख्ख्या जर्मनीतलं, वर आरई आणि आरबी या आसपासच्या शहरांना जोडणाऱ्या गाड्या पण. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये मात्र चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पास १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच चालतो, घेतल्यापासून ३० दिवस असं काही नाही. म्हणजे तुमचं विमान २४-२५ तारखेला उतरणार असेल तर त्या महिन्याचा घेऊच नका, एअरपोर्टवर एबीसी झोनचं साधं तिकीट काढा आणि पास पुढच्या महिन्यापासून सुरू करा. एबीसीच घ्यायचं, एबी नाही, कारण ए आणि बी झोन म्हणजे बर्लिन शहर, आणि एअरपोर्ट शहराबाहेरच्या सी झोनमध्ये आहे. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये स्टॅम्प करा, नाहीतर तिकीट असूनही ६० युरो दंड बसू शकतो, तिकीट तपासनीस साध्या कपड्यात असतात त्यामुळे कळत पण नाही. स्टेशन टर्मिनल १ च्या खालीच आहे, आणि एफईएक्स (एअरपोर्ट एक्सप्रेस) किंवा आरई मिळाली तर तीच पकडा, एस-बानपेक्षा खूप लवकर पोचते आणि जास्तीचे पैसे अजिबात लागत नाहीत.

शिकायला येणाऱ्यांनो, थांबा! बर्लिनच्या सरकारी युनिव्हर्सिटींत सेमिस्टर फीमध्येच हे तिकीट असतं, वेगळं घेऊ नका. प्रायव्हेट असेल तर आधी कॉलेजला विचारून घ्या.

बहुतेक जण पास मोबाईलमध्येच ठेवतात, त्यामुळे चार्जिंग सांभाळा, आणि पासवर नाव असतं म्हणून फोटोवालं ओळखपत्र पण सोबत हवं. हे सबस्क्रिप्शन आहे, आपोआप रिन्यू होतं. बंद करायचं असेल तर १० तारखेच्या आत कॅन्सल करा, तरच त्या महिन्याअखेर थांबतं.

मला हा पास मनापासून आवडतो तो रविवारमुळे. रविवारी इथे दुकानं बंद, मग आम्ही सरळ पॉट्सडॅमला नाहीतर आरई ५ ने रोस्टॉक आणि तिथून एस-बानने वार्नेम्युंडेला समुद्रावर जातो, वेगळं तिकीट काढायचंच नाही. एक आहे, उन्हाळ्यात त्या गाडीला तुफान गर्दी असते, सकाळी लवकर निघा. सायकलचं तिकीट यात नाही, ते वेगळं काढावं लागतं.

आई-बाबा एक-दोन आठवड्यांसाठी येत असतील आणि मुक्काम दोन महिन्यांत विभागला जात असेल तर त्यांच्यासाठी हा पास महाग पडतो, सात दिवसांचं तिकीट बघा. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही.