'इथेनॉलमुक्त तयार मिश्रण' म्हणून विकलेले साधे पेट्रोल आणि माझे १९,५७० रुपये

गेल्या ऑक्टोबरात माझा ग्रासकटर आणि त्यानंतर पाचच दिवसांनी माझा चेनसॉ असे दोन्ही जाम झाले. दोन्हींच्या टाकीत तालुक्याच्या बाजारातल्या एकाच दुकानातून आणलेले, 'इथेनॉल नसलेले, ऑइल मिसळलेले तयार पेट्रोल' म्हणून विकलेले इंधन होते. पाच लिटरचे चार कॅन, लिटरला १९० रुपये, एकूण ३,८०० रुपये मी रोख मोजले. या प्रकारात माल कसा गळ्यात मारला जातो हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल; मलाही ठाऊक होते, आणि म्हणूनच हे लिहिताना राग दुकानदाराचा जास्त येतो की स्वतःचा, हे मला सांगता येत नाही.

मी हे इंधन हौसेने घेतले नव्हते. आमची आंब्याची बाग कोकणात आहे, पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत काढावे लागते आणि जुन्या हापूसच्या फांद्या उतरवाव्या लागतात, त्यामुळे ही दोन्ही यंत्रे आम्हाला रोजची आहेत. दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलेले ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आता सगळीकडे तेच मिळते, आणि माझ्या चेनसॉच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल वापरू नये असे स्पष्ट छापलेले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. आमच्याकडच्या दमट हवेत अर्धवट भरलेला कॅन महिनाभर राहिला, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसण्याचा धोका असतो, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतल्या नळीचे फिल्टर तळाशीच लोंबत असल्यामुळे इंजिन मग बिनऑइलचे पाणचट मिश्रण पिते. त्याआधीच्या हंगामात एका यंत्राची प्रायमरची, म्हणजे सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायची, रबरी टोपी आणि नळी फुगून चिरली होती. अशा वेळी कोणी 'इथेनॉल नाही' असे सांगितले, तर माणूस दुप्पट पैसे मोजायला तयार होतो, हे विकणाऱ्याला पुरते कळलेले होते.

दुकानात त्याने माझाच ग्रासकटर टेबलावर घेतला, आपल्या बाटलीतले इंधन त्यात ओतले आणि दोरी ओढताच यंत्र सुरू करून दाखवले. आवाज स्वच्छ होता, पातळ निळसर धूर येत होता, ऑइलचा ओळखीचा वासही होता. ती बाटली खरी होती, याबद्दल आज मला शंका नाही. कॅन मात्र मागच्या खोलीतून आले. बाटलीतला माल आणि कॅनमधला माल एकच आहे का, हे मी विचारले नाही. ज्या कॅनचे पैसे देणार, त्याच कॅनमधले इंधन टाकून यंत्र चालवायला सांगा, बाटलीतले नको.

पण खरी खूण त्यानंतर माझ्या डोळ्यांसमोर पडली होती. एका कॅनचे झाकण नीट बसवताना थोडे इंधन काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर सांडले. तो चिठ्ठी लिहीत होता तेवढ्या दोन-तीन मिनिटांत ते उडून गेले आणि कागदावर फक्त एक फिकट निळे वर्तुळ उरले. बाकी कागद कोरडा, पांढरा, कोठेही तेलकट डाग नाही. मी अठरा वर्षे टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे. ऑइल मिसळलेले पेट्रोल सांडले की पेट्रोल उडून जाते आणि ऑइलचा डाग कागदातून पारदर्शक दिसत राहतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मी त्या वर्तुळाकडे पाहिले आणि तरी खिशातून पैसे काढले. घरी दोन माणसे गवत कापण्यासाठी थांबली होती, ऊन चढत होते, आणि समोरचा माणूस मला नावाने ओळखत होता. एवढेच माझे समर्थन आहे.

दुसरी खूण चिठ्ठीची. तिच्यावर 'मशीन ऑइल, ३,८००' एवढेच लिहिले होते. ना जीएसटी क्रमांक, ना पेट्रोलचा उल्लेख. पक्के बिल मागितल्यावर "भाऊ, बिलाचं केलं तर २२० पडेल" असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसलो. बिलावर मालाचे नाव लिहायला जो तयार नाही, त्याच्याकडून इंधन घेऊ नका. नंतर सगळीकडे मी अडलो तो याच चिठ्ठीवर.

पहिल्या दिवशी ग्रासकटर अर्ध्या तासाच्या आत बंद पडला. धूर अजिबात येत नव्हता, हेही माझ्या लक्षात आले होते, पण ते मी चांगल्या इंधनाचे लक्षण मानले. यंत्र तिसऱ्या हंगामाचे होते, एअर फिल्टर मळलेले होते, म्हणून दोष मी यंत्राला दिला आणि त्याच कॅनमधले इंधन चेनसॉमध्ये भरले. मेस्त्रींनी दोन्ही सायलेंडर उघडून शेजारी ठेवले, तेव्हा दोन्ही पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारख्याच उभ्या रेषा होत्या आणि आत बोट फिरवले तर ते कोरडेच बाहेर आले. "यात ऑइल गेलेलंच नाही, काका," एवढेच ते म्हणाले. अशा यंत्रांच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलबरोबर जे येईल तेवढेच पिस्टनला आणि बेअरिंगला मिळते. ते आले नाही, तर यंत्र काही मिनिटांचे सोबती असते.

त्याच संध्याकाळी मी मापाच्या नळीत ८० मिली ते इंधन आणि २० मिली पाणी घेऊन हलवले आणि दहा मिनिटे उभे ठेवले. इथेनॉल नसते, तर पाण्याची रेषा वीसवरच राहिली असती. ती पस्तीसच्या आसपास स्थिरावली, म्हणजे ८० मिलीतले सुमारे १५ मिली, जवळजवळ वीस टक्के, इथेनॉल पाण्यात उतरले. म्हणजे पंपावरचेच ई२०, त्यात निळा रंग, ऑइल नाही. ही चाचणी दहा मिनिटांची आहे. ती घेण्याआधी टाकीचे झाकणसुद्धा उघडू नका.

खर्च असा. ग्रासकटरचा ब्लॉक-पिस्टन २,८५०, बेअरिंग आणि सील ६४०, मजुरी ७००. चेनसॉचा ब्लॉक-पिस्टन ३,९००, बेअरिंग ७८०, मजुरी ९००. गवत थांबून चालत नाही म्हणून यंत्रासह माणूस चार दिवस, रोज १,५०० प्रमाणे ६,०००. इंधनाचे ३,८०० धरून १९,५७० रुपये.

दुकानदाराने कॅन परत घेण्यास नकार दिला आणि "तुम्हीच साधं पेट्रोल भरून आणलं असेल" असे चार माणसांत ऐकवले. मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे ही ग्राहकाची बाब आहे, इथे नोंद होत नाही, असे सांगण्यात आले. पुरवठा विभागात गेलो, तर आमचा संबंध पंपांशी, हे दुकान पंप नाही, म्हणून आमच्या कक्षेत नाही, असे उत्तर मिळाले. परवाना नसताना पेट्रोल विकणारे दुकान पंप नाही, हीच तर माझी तक्रार होती! पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. विक्रीसाठी ही सूट नाही. हे कलम मी छापून नेले होते. साहेबांनी ते वाचले, बाजूला ठेवले आणि लेखी अर्ज द्या म्हणाले. वजनमापे खात्यात विचारणा झाली, "पाच लिटर पाच लिटरच भरले ना?" भरले होते. मग आमचे काम नाही. नमुना म्हणून कॅन पुढे केला, तर सील फुटलेला नमुना ग्राह्य धरता येत नाही असे सांगितले. सील असलेला कॅन पुढे केला, तर ते सील दुकानदाराचे आहे, अधिकाऱ्याचे नाही, असे सांगितले. अर्ज दिल्यानंतर तेविसाव्या दिवशी एक कर्मचारी दुकानात जाऊन आला. तोपर्यंत मागची खोली रिकामी होती. पंचनाम्यात 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असे लिहिलेले आहे आणि ते वाक्य मला आजही सुखाने जेवू देत नाही. चिठ्ठीचा कागद, नळीचा फोटो, दोन पिस्टन, सगळे माझ्याकडे आहे. विचारायला कोणीही आलेले नाही.

तुमची फसवणूक झाली, तर कार्यालये फिरत न बसता त्याच दिवशी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करा, आणि दुकानात असतानाच कॅनवरच्या लेबलचा, दराचा, मालाच्या रचलेल्या ढिगाचा फोटो काढा. '९५ ऑक्टेन म्हणजे इथेनॉल नाही' हेही मला त्याच दुकानात ऐकवले गेले होते. ते खोटे आहे, ऑक्टेन (पेट्रोल इंजिनात ठोके न देता जळण्याचा आकडा) आणि इथेनॉल या वेगळ्या गोष्टी आहेत, उलट इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. होड्यांच्या इंजिनाचे टीसी-डब्ल्यू३ ऑइल स्वस्त म्हणून हवेवर थंड होणाऱ्या यंत्रात घालू नका. डब्यावर जासो (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) एफसी किंवा एफडी लिहिलेले पाहा.

आता मी गर्दीच्या पंपावरून, भेसळ नाही ना हे पाहायला घनता विचारून आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून, धातूच्या कॅनमध्ये दोनच लिटर पेट्रोल आणतो. त्यात पुस्तिकेप्रमाणे लिटरला २० मिली ऑइल स्वतः मोजून घालतो, आठवड्यात संपवतो, आणि काम झाले की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. पेट्रोल ई२०च आहे, पण निदान ताजे आहे आणि त्यात ऑइल आहे. त्या दुकानातले साडेसतरा लिटर अजून खोपीत तसेच आहे. ते मातीत ओतता येत नाही, विहिरीजवळ ठेवता येत नाही, आणि पुरावा म्हणून ताब्यात घ्या असा दुसरा अर्ज दिल्याला आता सात आठवडे झाले आहेत.