माहिती खिडकी, टचस्क्रीन की क्यूआर कोड: पाहुण्यांसाठी काय ठेवावं?

गावात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना माहिती कशी द्यायची, हा विषय तुमच्या नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर आला असेल, तर पुरवठादारांची सादरीकरणं बघून झालीच असतील. म्हणून स्क्रीन किती इंची आणि भाषा किती, हे सोडून देतो. अशा समितीवर मीही होतो. आणि आम्ही आधी टचस्क्रीनच घेतली होती, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

घेताना आम्ही काही वेडेपणा केला नव्हता. स्क्रीन रजेवर जात नाही, जेवायच्या सुट्टीत खिडकी लावून घेत नाही. शिवाय वारं त्याच दिशेचं आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने २०२४ मध्ये आपली सगळी, म्हणजे २५ माहिती केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. लोक आता घरूनच सगळं ठरवून निघतात, हे त्यामागचं कारण. कारण पटण्यासारखं आहे. पण मला वाटतं, घरून ठरवून निघालेला माणूस माहिती विचारायला येतो तोच मुळी ठरवलेलं फिसकटल्यावर. त्याला आजचं उत्तर हवं असतं.

आमच्या घोड्याने तिथेच पेंड खाल्ली. संग्रहालयाचं एक दालन गळतीमुळे अचानक बंद झालं. स्क्रीनवर ‘दालन बंद’ एवढे दोन शब्द टाकायचे होते. तेव्हा कळलं की वार्षिक देखभालीचा करार यंत्राचा आहे, मजकुराचा नाही. मग लेखी मागणी, विभागप्रमुखांची सही, पुरवठादाराचा दर, त्या दराला मंजुरी. यात अठरा दिवस गेले. तोवर गळती थांबली, दालन उघडलं आणि त्यानंतर आमच्या स्क्रीनने ते बंद असल्याचं जाहीर केलं. ते दोन शब्द काढायला पुन्हा तीच फाइल! संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने मात्र पहिल्याच सकाळी फळ्यावर खडूने लिहून मोकळं केलं होतं.

खिडकीवरचा माणूस महाग पडतो, यात वाद नाही. पगार दर महिन्याला द्यावा लागतो. त्याची बदली झाली की नवा माणूस पहिले दोन महिने तुमच्याइतकाच अनभिज्ञ. पण तो उलट प्रश्न विचारतो. ‘टेकडी किती लांब आहे?’ असं कुणी विचारलं, की तो आधी सोबतच्या आजींच्या पायांकडे बघतो आणि मग रस्ता सांगतो. दुसरं म्हणजे, एकच प्रश्न दिवसभर येऊ लागला की कुठली तरी पाटी चुकली आहे, हे त्याच्या लक्षात येतं. बटणं किती वेळा दाबली याची नोंद स्क्रीनही ठेवते म्हणा, पण जे बटणच नाही ते दाबणार कोण?

क्यूआर कोड स्वस्त आहे, जरूर लावा. फक्त संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने पत्ते मरतात आणि खांबावरचे कोड तसेच राहतात, एवढं ध्यानात ठेवा. नकाशाच्या फलकांबद्दल मात्र माझं मत फार चांगलं आहे. लंडनमध्ये २००७ पासून उभे राहिलेले पादचाऱ्यांचे फलक पाहा. त्यांवर उत्तर दिशा वर नसते. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे असता, ती वर असते. मान वाकडी करायला लागत नाही.

आता पैशाचं. इंग्लंड-वेल्सच्या १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातलं १४४ वं कलम पाहुण्यांनी आपल्या भागात यावं म्हणून प्रयत्न करायचा अधिकार तिथल्या स्थानिक संस्थांना देतं, सक्ती करत नाही. जिथे काम ऐच्छिक असतं, तिथे काटकसरीची कात्री आधी त्याच्यावर चालते. म्हणून स्वतंत्र कार्यालय थाटा, असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक वाचनालयात एक टेबल, एक गाव माहीत असलेला माणूस आणि एक फळा, एवढ्यावर लहान गावाचं भागू शकतं. मोठ्या शहराचं गणित वेगळं असेल.

आमची स्क्रीन अजून आहे. आता ती फक्त बसच्या वेळा दाखवते. त्या थेट आगाराच्या यंत्रणेतून येतात, त्यामुळे बहुधा बरोबर असतात. तुम्हाला स्क्रीनच घ्यायची असेल तर घ्या. पण मजकूर तुमचा कर्मचारी स्वतः, त्याच दिवशी बदलू शकेल, हे करारात लिहून घ्या आणि सही करायच्या आधी पुरवठादारासमोर एक ओळ बदलून बघा.