गोळ्यांसाठी घेतलेला ओपीडी विमा: माझा वर्षाचा हिशेब

गर्भनिरोधक गोळ्यांचा खर्च निघावा म्हणून ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमला ओपीडीची (म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांची) जोड घ्यावी का, असं गेल्या महिन्यात ऑफिसातल्या तिघींनी मला विचारलं. जेवणाच्या सुट्टीत जमेल तेवढं सांगितलं, पण आकडे तोंडावर नव्हते. आता सगळे कागद समोर घेऊन लिहायला बसले आहे. नुसत्या गोळ्यांसाठी घेत असाल तर घेऊ नका. पैसे तर जातातच, पण जीवही फार शिणतो.

मी भांडुपला राहते, नोकरी अंधेरी एमआयडीसीत. वय ३३, मुलगी पाच वर्षांची, आणि दुसरं मूल नको हे आम्हा दोघांचं पक्कं ठरलेलं. त्यात मागच्या वर्षी पाळीत अंगावरून खूपच जायला लागलं. लोकलमध्ये उभं राहवेना, जिना चढताना धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. मुलुंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी करायला लावली, गाठ वगैरे काही निघाली नाही. मग त्यांनी लोहाच्या गोळ्यांबरोबर ड्रॉस्पिरेनोन हे हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "रक्तस्रावही आटोक्यात येईल आणि तुमची दुसरी काळजीही मिटेल." माझ्या बाबतीत दोन्ही झालं. गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही.

पाकीट ३९० रुपयांना. आपण महिन्याला एक धरतो, पण एक पाकीट २८ दिवसांचं असतं, त्यामुळे वर्षाला तेरा लागतात. म्हणजे ५,०७० रुपये. घरभाडं, शाळेची फी आणि पाळणाघर भागवून उरलेल्या पगारात ही रक्कम जाणवते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिला सहज बोलले तर ती म्हणाली, "ताई, मला तर काउंटरवर एक डॉलरही द्यावा लागत नाही." तिकडे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखाली बहुतेक विमा योजनांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं गर्भनिरोधन पेशंटकडून वाटा न घेता द्यावं लागतं. तिच्या योजनेच्या यादीत जी गोळी आहे ती फुकट. यादीबाहेरचा ब्रँड हवा असेल तर मात्र पैसे पडतात, किंवा डॉक्टरकडून तो का लागतो ते लिहून आणावं लागतं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की विमा आहे म्हणजे गोळ्या त्यात येणारच. तेवढ्यात एप्रिलमध्ये ऑफिसातून ओपीडीच्या जोडीची माहिती आली: वर्षाची मर्यादा ५,००० रुपये, त्यात डॉक्टरची फी, तपासण्या आणि औषधं. प्रीमियम ३,६०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२४८. पगारातून दरमहा ३५४ कापले जाणार. मी चौकटीत खूण केली.

जीएसटीचं इथेच सांगून टाकते, कारण यात बऱ्याच जणींची गल्लत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला ती सवलत नाही. माझे ३५४ कापले जात होते, तेवढेच कापले जात राहिले.

जूनमध्ये पहिला क्लेम टाकला. डॉक्टरांची फी १,०००, सोनोग्राफी १,६००, गोळ्यांची दोन पाकिटं. घाटकोपरहून मेट्रोत बसले की मरोळ नाक्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एकेक कागदाचा फोटो काढून ॲपवर चढवला. चौथ्या दिवशी सगळाच्या सगळा क्लेम नामंजूर. कारण दिलं होतं: गर्भनिरोधन, वगळणूक कोड १७. रक्तस्रावासाठी केलेली सोनोग्राफीसुद्धा त्यातच गेली, कारण चिठ्ठी एकच होती.

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी पॉलिसीचा पूर्ण मजकूर उघडून बसले. गर्भनिरोधन हा शब्द मी औषधांच्या भागात शोधला, ओपीडीच्या भागात शोधला, कुठेच नव्हता. तो सापडला वंध्यत्वाच्या कलमात. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या वगळणुकींची भाषा आणि त्यांचे कोड सगळ्या कंपन्यांसाठी सारखे करून दिले. त्यातला कोड १७ वंध्यत्वाचा आहे, आणि त्याची पहिलीच ओळ आहे कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन, नसबंदी. त्याखाली आयव्हीएफसारखे उपचार, सरोगसी, उलटवलेली नसबंदी. मूल होत नाही म्हणून धडपडणारी बाई आणि मूल नको म्हणून काळजी घेणारी बाई, दोघींना एकाच कलमात बाहेर ठेवलेलं आहे. मी ती ओळ तीनदा वाचली. कोड सगळीकडे तोच असल्यामुळे तुमच्या पॉलिसीत शोधणं आता सोपं आहे. सरळ १७ क्रमांक काढा. तुमच्या कंपनीने ही वगळणूक स्वतःहून शिथिल केली असेल तर तसं पॉलिसीत लेखी असतं. लेखी नसेल तर फोनवरच्या "हो मॅडम, होऊन जाईल" वर जाऊ नका.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. याच ग्रुप पॉलिसीत बाळंतपणासाठी ५०,००० रुपयांची तरतूद आहे. ती असायलाच हवी, माझ्या मुलीच्या वेळी मला तिचा फार आधार झाला होता. पण बाळंतपणाला ५०,००० देणारी पॉलिसी ३९० रुपयांच्या पाकिटाला हात लावत नाही, हे मला आजही पटत नाही. हिमोग्लोबिन ९.२ असताना मला दिवस गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी त्या रात्री केला आणि फार वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी चिठ्ठी काढून बघितली आणि त्याच म्हणाल्या, "अहो, गर्दीत मी नुसतं ओसीपी, म्हणजे गर्भनिरोधक गोळी, एवढंच लिहिलंय, निदान लिहिलंच नाही." नव्या चिठ्ठीत त्यांनी पाळीतला अतिरक्तस्राव, ॲनिमिया आणि त्यासाठी गोळी, असं स्पष्ट लिहून दिलं. ते खरं होतं, माझा रक्ताचा रिपोर्टही सोबत होता. पुन्हा क्लेम टाकला, तीन वेळा फोन केले, आणि सव्वीस दिवसांनी मंजूर झाला. गोळी तीच, पाकीट तेच. चिठ्ठीवरच्या दोन शब्दांनी निकाल फिरला.

हे वाचून कुणी डॉक्टरला खोटं निदान लिहायला सांगू नका, हे अगदी हात जोडून सांगते. ते निदान तुमच्या नावावर कायमचं चिकटतं. पुढे स्वतंत्र पॉलिसी घेताना जुने आजार सांगावे लागतात, आणि लपवलेलं किंवा खोटं काही निघालं तर मोठ्या ऑपरेशनचा क्लेम अडकू शकतो. त्रास खरा असेल तर तो चिठ्ठीवर लिहिलेला आहे ना, एवढं दवाखान्यातून निघायच्या आधी वाचून घ्या. मासिक पाळीचा त्रास, एंडोमेट्रिओसिस, पीसीओएस, यांतल्या कशासाठीही ह्याच गोळ्या दिल्या जातात. आणि ज्या बाईला त्या फक्त गर्भ राहू नये म्हणून हव्यात, तिला ह्या ओपीडी जोडीतून एक रुपया मिळत नाही.

मंजूर झाल्यावरही पूर्ण पैसे नाहीत. प्रत्येक बिलातला वीस टक्के वाटा आपला. डॉक्टरच्या फीचे ८०० आले, सोनोग्राफीचे १,२८०. औषधांना वर्षाची वेगळी मर्यादा १,५००, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात होती. पाच पाकिटांत ती संपली. एकूण हातात आले ३,५८०, भरले होते ४,२४८. त्या वर्षी मला दुसरं आजारपण आलं नाही, म्हणून माझा तोटा ६६८ रुपयांवर थांबला. घरात दमा, मधुमेह, लहान मुलांची सततची डॉक्टरवारी असेल तर गणित वेगळं होईल, ते मी नाकारत नाही.

बिलाचंही एक आहे. आमच्या गल्लीतले औषधाच्या दुकानातले काका वर्षानुवर्षं ओळखीचे. गोळ्या मागितल्या की न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, वर रबरबँड, आणि हिशेब पाठकोऱ्या कागदावर. क्लेमला ते चालत नाही. पक्कं बिल लागतं: पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि दुकानाचा परवाना क्रमांक. मी पहिल्यांदा बिल मागितलं तेव्हा मागे दोन माणसं उभी होती आणि काकांनी आवाज खाली करून विचारलं, "ताई, औषधाचं नाव पण घालू?" मी मोठ्याने हो म्हटलं. याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. शंभर वर्षं उलटून गेली, आता तरी हे नाव बिलावर उघड लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

ग्राहक माहिती पत्रक नावाचा एक कागद असतो, तो नक्की मागा. जानेवारी २०२४ पासून तो सोप्या भाषेत द्यावा लागतो, आणि मागितला तर आपल्या भाषेतही. मला मराठीतला मिळायला नऊ दिवस लागले, पण मिळाला. काय मिळतं, काय वगळलंय, आपला वाटा किती, सगळं दोन-तीन पानांत. हा कागद मी एप्रिलमध्ये वाचला असता तर खूण केलीच नसती. स्वतंत्र पॉलिसी घेतली असेल तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्या दिवसांत हे वाचून होतं.

आता ज्या सेवेला मी मनापासून पैकीच्या पैकी गुण देते, तिच्याकडे येते. औषधांची मर्यादा संपल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पालिकेच्या दवाखान्यात जाऊन तर ये." मी नोकरी करणारी, मेडिक्लेम असलेली बाई, मला तिथे देतील का, असं मनात होतं. शनिवारी सकाळी गेले. केसपेपर काढला, बाकावर पाऊण तास बसले.

आतल्या सिस्टरांनी आधी ब्लड प्रेशर घेतलं. पट्टा सैल झालेला होता, त्यांनी एका हाताने घट्ट धरून ठेवला आणि पारा उतरताना एक शब्द बोलू दिला नाही. मग प्रश्न: अर्धं डोकं दुखतं का, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमतं का, पायाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास, सिगारेट, टीबीची औषधं चालू आहेत का. खासगीत १,००० रुपये देऊन मला यातले दोनच प्रश्न विचारले गेले होते. हे प्रश्न उगीच नसतात. डोळ्यांपुढे चमचमून येणारी अर्धशिशी असेल किंवा पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल तर ह्या गोळ्या देत नाहीत, आणि टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना गोळीचा भरवसा राहत नाही.

मग त्यांनी माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट उघडून टेबलावर ठेवलं. २१ पांढऱ्या गोळ्या आणि शेवटच्या रांगेत ७ काळपट तपकिरी. बोटाने बाण दाखवत म्हणाल्या, "ह्या शेवटच्या सात फेकायच्या नाहीत हं. त्यात लोह आहे, तुम्हाला तर हवंच आहे." पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन्स: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम. याच घटकांची गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे बाजारातही तिच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट, आणि माला-डी दुकानात अगदी नाममात्र किमतीला. सिस्टरांनी छायाचंही सांगितलं: हार्मोन नसलेली, लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक. 'अंतरा' नावाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. कॉपर-टी दहा वर्षांची. सगळं फुकट, आणि कशासाठीही जबरदस्ती नाही.

मी लगेच गोळी बदलली नाही. पाकीट घेऊन आधी मुलुंडला डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमच्या त्रासाला ही गोळीही चालेल, जुनं पाकीट संपलं की मध्ये खंड न पाडता सुरू करा. पहिल्या पाकिटाला सकाळी मळमळायचं, म्हणून रात्री जेवल्यावर घ्यायला लागले. दुसऱ्या पाकिटात दोन दिवस डाग दिसला. तिसऱ्यापासून काही नाही. परवा हिमोग्लोबिन ११.८ आलं.

दवाखान्याबद्दल तक्रार म्हणाल तर एकच: बाकांच्या जागेला आडोसा नाही, आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं. एक पडदा लावला तरी किती मुली मोकळेपणाने बोलतील. मी तिथल्या तक्रारवहीत तसं लिहून आले आहे.

नूतनीकरणाचा मेल सोमवारी आला. ग्रुप मेडिक्लेम चालू ठेवला, ओपीडीची चौकट रिकामी सोडली. कोड १७च्या कलमाबद्दल एचआरला एक पत्र लिहिलं आहे, की ग्रुप पॉलिसीची बोलणी करताना ही वगळणूक काढून घेण्याचं विचारावं. ज्या तिघींनी मला विचारलं होतं त्यांनी त्यावर सह्या केल्या. अजून कुणाला करायची असेल तर मी पाचव्या मजल्यावर खिडकीजवळ बसते.