साखळी दुकानातला रॉड-रील संच खाडीच्या खाऱ्या पाण्यात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून दोनदा, दर खेपेला तीन-चार तास. वापराच्या जागा ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या: गायमुख, कोलशेत, सारसोळे जेट्टी आणि दिवाळे. संच एका मोठ्या क्रीडासाहित्य साखळीच्या शाखेतून घेतलेला: 2.4 मीटरचा दोन तुकड्यांचा रॉड, त्यावर 10 ते 30 ग्रॅम फेकवजनाचा शिक्का, 4000 मापाचं स्पिनिंग रील, त्यावर कारखान्यातूनच भरून आलेला 0.30 मिलिमीटरचा तंगूस आणि गळ, शिसं, स्विव्हल (दोरे जोडणारी फिरती कडी) यांची एक डबी. रॉड आजही उत्तम आहे. रील दोनदा उघडावं लागलं. तंगूस पहिल्याच महिन्यात काढून टाकला आणि डबीतले गळ तिसऱ्या खेपेला गंजले.

रॉड सोडून बाकी तिन्ही गोष्टींचं कारण एकच. हा माल गोड्या पाण्यासाठी बनलेला आहे. साखळी नव्या प्रदेशात शाखा उघडते तेव्हा माल कोणता ठेवायचा हे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी ठरतं, आणि तलावाकाठच्या गावात जे मांडलं तेच खाडीकाठच्या शहरातही मांडलं जातं. खरं तर या धंद्यातलं एक मोठं नाव अगदी जवळच्या पाण्यातून उभं राहिलं. बास प्रो शॉप्सची सुरुवात 1972 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला झाली, जॉनी मॉरिस यांच्या वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात. ओझार्कच्या तलावांत बास मासा पकडणाऱ्यांना जे लागे ते तिथे मिळायचं.   त्या दुकानाचा पाया स्थानिक पाण्याची ओळख हा होता. आपल्याकडच्या शाखांमध्ये नेमकी तीच ओळख कमी पडते.

खाडीचं पाणी कसं आहे ते आधी बघू, कारण खरेदीचा सगळा हिशेब त्यावरच आहे. पाणी गढूळ, तळाला चिखल, जेट्टीच्या खांबांना कालवं चिकटलेली आणि उधाणाला ओढ जबरदस्त. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास 30 ग्रॅमचं शिसं तळाला टिकतच नाही, वाहत जाऊन खांबांत अडकतं. तेव्हा 60 ते 80 ग्रॅम लागतं, आणि 30 ग्रॅमची मर्यादा असलेल्या रॉडने ते जोरात फेकलं तर टोकाचा तुकडा जोडाजवळ तडकतो. म्हणून हा रॉड भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, वापरायचा. अष्टमीच्या आगेमागे ओढ कमी असते, 25-30 ग्रॅम पुरतं. भरतीची वेळ काढायला जुना हिशेब अजून बरोबर चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता ते मिळतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा मुंबई बंदराचा अंदाज आहे. गायमुखपर्यंत आत पाणी पोचायला त्याहून उशीर होतो, तेवढा वेळ धरून निघावं.

नवीन रॉड घ्यायचा असेल तर 20 ते 60 ग्रॅमचा, 2.7 मीटरचा घ्या. आत सरकणारा टेलिस्कोपिक रॉड खाडीवर नेऊ नका. पिशवीत मावतो म्हणून तो मोह पाडतो, पण जोडांत मीठ आणि बारीक रेती बसली की दीड-दोन महिन्यांत तो उघडतही नाही आणि मिटतही नाही. दोन तुकड्यांच्या रॉडचा जोड दर खेपेला कोरड्या फडक्याने पुसला आणि त्यावर मेणबत्तीचं मेण हलकं घासलं की अडकत नाही, फेकताना निसटतही नाही.

गाईड, म्हणजे रॉडवरच्या दोरा ओवायच्या कड्या, तपासायची एक साधी रीत: कान साफ करायच्या काडीचा कापूस प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर तिथल्या सिरॅमिकला तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तो तडा ब्रेडेड (विणलेला) दोरा दोन खेपांत कापून टाकतो. दुकानात काउंटरवर पैसे देण्याआधीच हे करा, आणि तिथले कर्मचारी ते करू देतात. रॉड हातात घेऊन, वाकवून, दहा वेगवेगळे पाहून घेता येतो, भाव ठरलेला असतो, बिल मिळतं. हा साखळी दुकानाचा मोठा फायदा आहे, तो मान्यच करायला हवा.

आता रील. मीठ सगळ्यात आधी लाईन रोलर पकडतं. तारेच्या कमानीच्या टोकाला जी छोटी चकती फिरते, ती. कमी किमतीच्या रीलमध्ये तिच्या आत बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकची बुश असते. खारं पाणी सुकलं की बुश आणि चकतीमध्ये मिठाचा थर बसतो, चकती थांबते, तंगूस तिच्यावरून नुसता घासत जातो आणि त्याला वळ पडतो. पुढच्या फेकीला स्पूलवरून (दोरा गुंडाळायच्या चकरीवरून) गुंताच बाहेर येतो, आणि दोष दोऱ्याला दिला जातो. खात्री करायला तंगुसाचा वीतभर तुकडा रोलरवर टाकून दोन्ही टोकं हाताने मागेपुढे ओढा. चकती फिरली पाहिजे. फिरली नाही तर भाताच्या दाण्याएवढा तो स्क्रू पांढऱ्या फडक्यावर काढा, चकती, बुश, वॉशर त्याच क्रमाने मांडा, कोमट पाण्यात धुवा, सुकवा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि बसवा. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं.

बाजूचं झाकण उघडल्यावर दुसऱ्या वेळी आत पांढरी भुकटी दिसली. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या अंगात बसलेले असतात. मधे खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि ती भुकटी साचते. स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात दिला की हे बरंच थांबतं. मुख्य दातऱ्यांना मरीन ग्रीस लावा, पण हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकदिशा बेअरिंगला ग्रीस अजिबात नको. तिथे ग्रीस गेलं तर मासा लागल्यावर हँडल उलटं गरकन फिरतं आणि बोटं सडकून निघतात.

धुण्यात चूक सर्वांची होते. नळाखाली धो-धो पाणी सोडलं की मीठ आणखी आत ढकललं जातं, आणि बादलीत बुडवणं त्याहून वाईट. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती जोराला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, आधी पूर्ण घट्ट करा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जाणार नाही. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा मिनिटभर द्या, झटका, पुसा, मग ड्रॅग सैल करून सावलीत सुकवा. या संचातल्या ड्रॅगचे वॉशर फेल्टचे आहेत, ओले राहिले तर फुगतात आणि मग ड्रॅग धक्क्याधक्क्याने सुटतो. जिताड्याच्या पहिल्या उसळीला तंगूस तुटतो तो यामुळेच.

तंगूस बदलल्यावर काय भरलं तेही सांगायला हवं. सुमारे 9 किलो ताकदीचा ब्रेडेड, 150 मीटर, पण स्पूलवर आधी साध्या तंगुसाचे सहा-सात वेढे, नाहीतर ब्रेडेड अख्खाच्या अख्खा स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडून भरायचा. ब्रेडेड ओढीला भक्कम, पण कालवांच्या धारेवर टिकत नाही, म्हणून पुढे 0.60 मिलिमीटरचा मीटरभर लीडर, म्हणजे गळाकडचा जाड दोरा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडाही धारदार असतात. ड्रॅग ताणकाट्यावर अडीच किलोला सुटेल एवढा ठेवला आहे.

गढूळ पाण्यात दुकानातले पारदर्शक, माशासारखे सुबक रबरी आमिष जवळजवळ निरुपयोगी ठरले. भडक पिवळट हिरवे, शेपटी जोरात हलवणारे बरे. सगळ्यात खात्रीची अर्थात जिवंत कोळंबी: शिसं दोऱ्यावर मोकळं सरकतं ठेवायचं, खाली मणी, स्विव्हल, हातभर लीडर आणि 3/0 मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला), कोळंबीच्या शेपटीजवळून ओवलेला. सर्कल गळाला झटका द्यायचा नसतो. ओढ जाणवली की नुसतं गुंडाळत राहायचं, गळ ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. जिताडा, तांबोशी, ढोमा याच पद्धतीने लागतात. शिंगाळा लागला तर काटे पक्कडीने धरा, हात लावू नका. मोठा जिताडा शक्य तर सोडून द्या: हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे म्हणाल ते बहुतेक अंडी घालणारेच.

जागेबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, 2022 पासून रामसर यादीतही. तिथे गळ टाकू नका. तुटलेला दोरा कुठेच पाण्यात सोडू नका, पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

तक्रार सुट्या भागांची आहे. फेब्रुवारीत कमानीची स्प्रिंग तुटली. शाखेत ती मिळाली नाही, मागवूनही मिळत नाही असं कळलं. हमी दोन वर्षांची, पण गंज म्हणजे वापरातला दोष, म्हणून बदलूनही नाही. शेवटी कोळीवाड्याजवळच्या जुन्या दुकानात दुसऱ्या रीलची स्प्रिंग कापून बसवून मिळाली, चाळीस रुपयांत. तिथेच कलई केलेले समुद्री गळही सुटे मिळतात, हवे तेवढे. साखळीने नव्या भागात पाय ठेवताना पाच-सहा सुटे भाग आणि असे गळ ठेवले, तर याच रीलवर गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकेल. रील वाईट नाही, त्याला दुरुस्ती मिळत नाही हे दुःख आहे.

घ्यावं का? रॉड जरूर घ्या, जास्त फेकवजनाचा. रील घ्यायचं तर आत पाणी शिरू नये म्हणून सील केलेलं किंवा किमान रोलरला बेअरिंग असलेलं, थोडे पैसे जास्त घालून. गळांची डबी शेल्फवरच राहू द्या.

पावसाळ्यात ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल, कमान मिटलेली, रॉड उभा आणि तुकडे सुटे ठेवा. रील कापडी पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. रॉडवर रबरबँड लावून ठेवू नका. दमट हवेत रबर वितळून लेपावर चिकटतं आणि खरवडून काढताना लेपच निघून येतो.